न वाळलेला झगा: तेलरंगात फॅन्टसी पात्रं रंगवताना

माझं पहिलं मुखपृष्ठ म्हणजे काळ्या झग्यातली एक चेटकीण. मुदत तीन आठवड्यांची. त्यातले दोन मी तिच्या चेहऱ्यात आणि काठीवरच्या नक्षीत घालवले आणि झगा शेवटी ठेवला. काळाच तर आहे, एका बैठकीत उरकेल, असं वाटलं. उरकलाही, पण वाळेचना. आयव्हरी ब्लॅक हा काळा रंग, त्यावर गडद लाल अ‍ॅलिझरिन क्रिमसन आणि दोन्हींत सढळ हाताने जवसाचं तेल. वाळण्यात आळशी अशा दोन रंगांची मी एकत्र मोट बांधली होती आणि वर जादा तेलाने त्यांना आणखी सुस्त केलं होतं. मुदतीच्या दिवशीही बोट लावलं की काळं. शेवटी ओल्या चित्राचाच फोटो काढून पाठवला. झग्याच्या चुणीचुणीवर दिव्याची चकाकी. आर्ट डायरेक्टरचं उत्तर एका ओळीचं होतं, "झगा प्लास्टिकचा आहे का?"

या कामात येऊ बघणारे मला ब्रश कुठला, कॅनव्हास कुठला असं विचारतात. मी आधी वाळण्याचं विचारते. तेलरंग जलरंगासारखा पाणी उडून वाळत नाही. त्यातलं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतं आणि कुठला रंग मिसळलाय त्यावर वेग ठरतो. अंबर या तपकिरी मातीच्या रंगात मँगनीज असतं आणि त्याने तेल लवकर वाळतं, म्हणून बर्न्ट अंबरचा पातळ थर बहुधा दुसऱ्या दिवशी हाताला लागत नाही. माझं अंडरपेंटिंग, म्हणजे चित्राचा सगळ्यांत खालचा थर, आता त्याच रंगात असतं, टर्पेंटाइनने पातळ करून. काळा हवा असेल तर अंबरमध्ये अल्ट्रामरीन हा निळा मिसळते. तो ट्यूबमधल्या काळ्यापेक्षा जिवंतही दिसतो. घाई असेल तर अल्किड मीडियम, म्हणजे रंग लवकर वाळावा म्हणून त्यात मिसळायचं द्रव्य. खालच्या थरात तेल कमी, वरच्यात जास्त, हा क्रम मात्र मोडायचा नाही. उलटं केलंत तर वरचा थर आधी आवळतो, खालचा हलत राहतो आणि काही काळाने चेहऱ्यावर भेगा.

वाळायला वेळ लागतो म्हणून निर्णय आधी घ्यावे लागतात. काड्यापेटीएवढ्या आठ-दहा थंबनेलवरच, म्हणजे कच्च्या रेखाटनांवरच, मी पात्राची बाह्याकृती आणि उजेड-अंधार ठरवते, आणि मुखपृष्ठ असेल तर शीर्षकाची जागाही. हे लहान आकाराचं खूळ नाही. 'मॅजिक: द गॅदरिंग'सारख्या फॅन्टसी पत्त्यांच्या खेळाचं कार्ड ६३ बाय ८८ मिलिमीटरचं, आणि त्यावरही चित्राला नेहमीच्या मांडणीत निम्म्याहून कमी जागा. दीड हात पॅनेलवर, म्हणजे चित्राच्या फळीवर, रंगवलेली पापणी तिथे कुणाला दिसणार? क्लायंटचा होकार रेखाटन आणि छोट्या रंगीत अभ्यासचित्रावरच घ्या. डिजिटल चित्रकार शेवटच्या दिवशी तलवार डाव्या हातात देऊ शकतो. आपल्याला तो हात खरवडून काढावा लागतो.

मग रेफरन्स, म्हणजे समोर ठेवून बघायची खरी वस्तू. फॅन्टसी म्हणजे सगळं मनातून, हा समज मीही बरीच वर्षं बाळगला. एकदा ऑर्कचे, म्हणजे फॅन्टसीतल्या राक्षसाचे, सुळे काही केल्या ओठांतून उगवल्यासारखे दिसेनात, चिकटवल्यासारखेच वाटत. कंटाळून मातीचं मुठीएवढं डोकं केलं, त्यात दोन सुळे खोवले आणि एकच दिवा डावीकडून लावला. सुळ्याची सावली खालच्या ओठावर वाकून पडत होती आणि सुळा आत शिरतो तिथे ओठ थोडा फुगला होता. एवढंच निसटत होतं. चिलखताचंही तसंच. पोलादाला स्वतःचा रंग जवळपास नसतो. छातीच्या पत्र्याच्या खालच्या वळणात झग्याचा लाल उतरतो आणि वर आभाळाचा निळा. करड्या रंगाने चिलखत रंगवलंत तर सिमेंटचं होईल. कपड्यांसाठी मी स्वतःच चादर पांघरून आरशासमोर उभी राहते. माझे कितीतरी दाढीवाले योद्धे खांद्यापासून खाली मीच आहे.

चित्राचा फोटो काढताना दोन दिवे, दोन्हीकडून ४५ अंशांत. दिव्यांवर पोलरायझिंग फिल्म आणि लेन्सवर पोलरायझिंग फिल्टर लावून फिरवला की चकाकी जाते. हे मला झगा प्रकरणानंतर कळलं. तेल पुसलेल्या चिंध्या चुरगाळून टाकू नका, त्या आपोआप पेट घेऊ शकतात. झाकणाच्या लोखंडी डब्यात, पाण्यात बुडवून ठेवा.

पैशाचं स्पष्टच सांगते. क्लायंटला फाइल हवी असते आणि डिजिटल चित्रकार ती लवकर देतो. तेलरंगाच्या बाजूने एकच हिशेब उभा राहतो, तो मूळ चित्राचा. छपाईचे हक्क वेगळे आणि प्रत्यक्ष पॅनेल वेगळं. पॅनेल तुमच्याकडे राहील, हे करारात लिहून घ्या. फॅन्टसी चित्रकार फ्रँक फ्रॅझेटा (१९२८–२०१०) यांचं एक चित्र २०१९ मध्ये ५४ लाख डॉलरला लिलावात गेलं. आपलं तसं जाणार नाही, पण छपाईच्या मानधनाइतकी दुसरी रक्कम मूळ चित्रातून येऊ शकते. करारावर अटी नीट न वाचता सही केली म्हणून एक पॅनेल मी कायमचं गमावलंय.

चेटकीण मात्र माझ्याकडेच होती आणि वर्षभराने विकली गेली. महिन्याभरात घेणाऱ्याचा फोन आला. झगा काही ठिकाणी चमकतो, काही ठिकाणी राखेसारखा मंद दिसतो, असं का? तेल खालच्या थरात शोषलं गेलं होतं आणि चमक सगळीकडे सारखी करणारं व्हार्निश मी लावलंच नव्हतं. बाटली आणि रुंद ब्रश घेऊन त्यांच्या घरी गेले. भिंतीवरून चित्र उतरवल्यावर सवयीने आधी झग्याला बोट लावून पाहिलं.