बोलणं अडलेल्या माणसाच्या हातात आधी काहीतरी द्या

आप्पांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा उजवा हात आणि बोलणं एकाच सकाळी गेलं. महिनाभराने पारोळ्याला घरी आणलं तेव्हा तोंडात एकच शब्द उरला होता, "नाही". चहा घ्यायचा का? "नाही", आणि डावा हात कपाकडे.

आधी माझी चूक सांगतो. बालवाडीचा रंगीत तक्ता आणून मी भिंतीला लावला. रोज सकाळी एकेका चित्रावर बोट ठेवून विचारायचो, "आप्पा, हाई काय शे?" त्यांना घाम फुटायचा. चौथ्या दिवशी त्यांनी तक्ता टराटरा फाडला. बरंच केलं. जन्मभर कापूस पिकवलेल्या माणसाला मी अननस शिकवत होतो.

हात आणि वाचा एकदम का गेली, ते नंतर समजलं. बोलणं जुळवणारा भाग बहुतेकांच्या मेंदूत डावीकडे, पुढच्या बाजूला असतो. तोंड आणि उजवा हात हलवणारी पट्टी त्याला लागूनच. दोघांना रक्त पुरवते एकच मोठी धमनी, आपल्या शेतातल्या एका पाटावर दोन वाफे असावेत तशी. 1861 मध्ये पॅरिसच्या पॉल ब्रोका या डॉक्टरांनी ज्या रुग्णावरून हा भाग ओळखला, तो फक्त "तान" एवढंच म्हणायचा. पण विचारलेला आकडा बोटांनी दाखवायचा. म्हणजे समज बरीच शाबूत, वाट बंद. आमचे "नाही"वाले आप्पा तसेच.

दुसरी गोष्ट जास्त कामाची. 2004 मध्ये केंब्रिजच्या संशोधकांना दिसलं, की हाताच्या कामाचा शब्द नुसता वाचला तरी मेंदूतला हाताचा भाग जागा होतो, पायाच्या कामाचा वाचला तर पायाचा. त्याचा अर्थ काय लावायचा यावर वाद आहेत, पण मला धागा मिळाला.

धागा पक्का केला माझ्या धाकट्याने. आप्पांना तंबाखूची सवय. डॉक्टरांनी बंद केलेली. एका संध्याकाळी पोरगं ओट्यावर त्यांच्याजवळ बसलं आणि रिकामा तळहात पुढे करून म्हणालं, "आप्पा, मळा." आप्पांनी डावा अंगठा नातवाच्या तळहातावर टेकवला. घासला. पुन्हा घासला. मग दोन बोटांनी थाप मारली, पोराकडे बघितलं आणि म्हणाले, "चुना." तंबाखू नाही, चुना नाही, पण शब्द आला. बायको आतून धावत आली, तिला वाटलं म्हातारबांनी पुडी मागवली.

तेव्हापासून आमचं असं चालतं. वस्तू खरी घ्या आणि ती रोजच्या वापरातलीच हवी. भुईमुगाच्या शेंगा सगळ्यात बऱ्या, डाव्या हाताने फुटतात. तुम्हीही शेजारी बसून फोडा, आणि फोडता फोडताच "फोड" म्हणा, आधी नाही, नंतर नाही. मग तुम्ही शेंग उचलून थांबा. मनात दहा आकडे मोजा. शब्द तोंडाशी आलेला दिसला तरी पुरा करून देऊ नका. मला हे सगळ्यात अवघड गेलं. शेंगेला "दाना" म्हणाले तरी चालवून घ्या.

आमच्याकडे अहिराणीतच बोलतो. दवाखान्यात एकाने "शुद्ध बोला, शब्द पक्के होतील" असं बजावलं होतं. ते मी सोडून दिलं. "जेवाले चला" ऐकून जो माणूस उठतो, त्याला "भोजन करा" कशाला?

गाणं वेगळ्या वाटेने येतं. ज्यांना "पाणी" म्हणता येत नाही, त्यांनाही पुष्कळदा पाठ असलेली आरती सुरात म्हणता येते, आकडे ओळीने मोजता येतात. सुरात बोलायला लावून, डाव्या हाताने ठेका धरून शब्द परत आणायची पद्धत 1973 पासून वापरात आहे. ती नीट शिकायला वाचा-उपचार करणाऱ्याकडे जा. आम्हाला त्यासाठी जळगाव गाठावं लागलं.

आणखी थोडं. टीव्ही बंद. एका वेळी एकच जण बोलणारा. "काय पाहिजे?" असं मोकळं विचारू नका, "दूध की चहा?" विचारा आणि दोन्ही दाखवा. ओरडू नका, कान गेलेले नाहीत. आणि चेहरा वाकडा, हात लुळा, बोलणं बोबडं असं अचानक दिसलं तर हे सगळं सोडून 108 लावा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सहसा साडेचार तासांच्या आतच देतात, तेही स्कॅन झाल्यावर.

पाहुण्यांना मी दारातच सांगतो, "ओळखलं का मला?" हे विचारायचं नाही. आप्पा ओळखतात, नाव येत नाही, आणि चारचौघांत परीक्षा दिल्यासारखे खाली बघतात. आमचे एक जुने शेजारी मात्र न सांगता बरोबर करतात. येतात, शेंगांची परात दोघांच्या मध्ये ओढतात, फोडत बसतात. परवा ते बोरीच्या पाण्याबद्दल आपलं आपणच बोलत होते, धरणातून सोडलं की नाही वगैरे. आप्पांनी हातातली शेंग खाली ठेवली, डावा हात नदीच्या दिशेने लांब केला आणि म्हणाले, "उनं." म्हणजे, आलं.