जपानी वर्गातल्या शांततेला घाबरू नका

शिझुओका प्रांतातल्या एका माध्यमिक शाळेत मी दोन वर्षं सहायक इंग्रजी शिक्षक, म्हणजे एएलटी होतो. तिकडे जाणाऱ्यांना कळकळीने सांगतो, वर्ग गप्प बसला म्हणून मुलांना इंग्रजीची आवड नाही असं समजू नका. पहिले तीन महिने मी तसंच समजून आवाज चढवून खेळ घेतले. मुलं आणखी मिटली.

एकदा आपल्या आठवीच्या वयाच्या मुलीला प्रश्न विचारला. वहीतलं तिचं उत्तर मला दिसत होतं, अगदी बरोबर. तिने ते खोडलं, शेजारणीशी कुजबुजली, पुन्हा तेच लिहिलं आणि मान खाली घातली. तास संपल्यावर तीच जिन्यात थांबली होती. "सेन्सेई (म्हणजे सर), इंडिया, एव्हरी डे करी?" अडखळत, पण स्वतःहून!

"हाझुकाशीई" हा शब्द तुम्ही रोज ऐकाल. चारचौघांत चुकायची लाज. मराठी शाळेतून इंग्रजी कॉलेजात गेलेल्यांना ती वेगळी समजावून सांगायला नको.

त्यात परीक्षेचा धाक. माध्यमिकनंतरच्या हायस्कूलच्या प्रवेशपरीक्षेत वाचन, व्याकरण, श्रवण यांवरच भर. तोक्योने सरकारी हायस्कूलसाठी बोलण्याची चाचणी आणली ती २०२२ मध्ये. २०२० पासून पाचवी-सहावीला इंग्रजी गुणांचा विषय झाला आणि २०२१ पासून माध्यमिकच्या तीन वर्षांत १६०० ते १८०० नवे शब्द आले. प्राथमिकमधून गाणी म्हणत आलेली मुलं स्पेलिंगच्या ओझ्याने पहिल्याच वर्षी "निगाते", म्हणजे मला जमत नाही, म्हणू लागतात. सोबतचे जपानी शिक्षक धडा संपवायच्या घाईत असतील, तर त्यांच्यावर चिडू नका. पालकांना उत्तर त्यांनाच द्यायचं असतं.

मला उपयोगी पडलं ते साधं होतं. आधी जोडीत अर्धा मिनिट बोलू द्या, मग जोडीला विचारा. एकट्याला उभं करू नका. घरचे फोटो न्या. बाहेरच्या जगाबद्दलची ओढ शिकण्याची इच्छा वाढवते, हे संशोधक तोमोको याशिमा यांनी २००२ मध्ये जपानी विद्यार्थ्यांच्या अभ्यासातून मांडलं. माझ्या वर्गात ते पोळीच्या फोटोने झालं.

आणि एइकेन या जपानमधल्या इंग्रजीच्या श्रेणीवार परीक्षेची तयारी आवर्जून घ्या. तिसऱ्या श्रेणीपासून तोंडी मुलाखत असते. ती जिन्यातली मुलगी रोज दुपारी स्टाफरूमच्या दाराशी यायची, उतारा मोठ्याने वाचायची, चुकली की स्वतःच थांबून म्हणायची, "वन मोअर टाइम, प्लीज."