शफलमधल्या दहा गाण्यांवर टिपणं लिहिताना

गाण्यांचा सगळा संग्रह शफलवर, म्हणजे कुठल्याही क्रमाने वाजेल असा टाका, येतील ती पहिली १० गाणी त्याच क्रमाने घ्या आणि प्रत्येकावर ५० ते ८० शब्द लिहा. गाणं गाळायचं मात्र नाही. नकोसं गाणं पुढे ढकललं की हाती आवडत्या गाण्यांची यादी उरते, आणि तिच्यावर आपण कानाने नाही, आठवणीने लिहितो. क्रम लगेच प्लेलिस्ट म्हणून जतन करा. शफल पुन्हा दाबलं की तो गेला.

त्याआधी थोडी साफसफाई हवी. मैफिलीतलं निवेदन, टाळ्या असे मिनिटभराच्या आतले ट्रॅक वगळा. एकाच रागाची विलंबित (संथ) आणि द्रुत (जलद) बंदिश वेगळ्या फायलींत असतील तर जोडून घ्या, नाहीतर द्रुत बंदिश अधांतरी सुरू होते. एमपीथ्रीगेनसारख्या साधनाने आवाजाची पातळी सारखी करा (त्यात मुळात ८९ डेसिबल ठरवलेलं असतं, तेच राहू द्या). मोठ्याने वाजणारं गाणं कानाला उगाच सरस वाटतं, आणि जुन्या तबकडीवरून उतरवलेल्या गाण्यावर अन्याय होतो.

एकच गायक लागोपाठ आला म्हणून शफल बिघडलंय असं समजू नका. संग्रहात पाच गायक सारख्या प्रमाणात असले, तर १० गाण्यांत असं एकदा तरी घडण्याची शक्यता सुमारे ८७ टक्के असते. उलट अशी जोडी आली तर दोन्ही गाण्यांची तुलना करा, चांगलं टिपण निघतं.

सगळ्यात जास्त चुका टॅगमुळे, म्हणजे फायलीत भरलेल्या नाव-वर्षाच्या माहितीमुळे होतात. कलाकाराच्या रकान्यात कधी गायक असतो, कधी संगीतकार, अभंग असला तर थेट संत. वर्ष तर बहुतेकदा सीडीचं असतं, गाण्याचं नव्हे. गीतरामायणाचंच घ्या. पुणे आकाशवाणीवर १ एप्रिल १९५५ पासून ही ५६ गीतं वेगवेगळ्या गायक-गायिकांनी गायली; सुधीर फडके यांच्या आवाजातल्या ध्वनिमुद्रिका नंतरच्या. तुमच्या फायलीत फडक्यांचा आवाज असेल तर ‘हे १९५५ चं ध्वनिमुद्रण’ असं लिहू नका. गीतकार, संगीतकार, गायक ही तिन्ही नावं तबकडीच्या किंवा कॅसेटच्या वेष्टणावरून ताडून घ्या.

गाणं दोनदा ऐका. पहिल्यांदा हातात पेन नको. दुसऱ्यांदा वेळ टिपत जा: ‘२:१०, दुसऱ्या कडव्याआधी बासरी थांबते, फक्त तानपुरा उरतो.’ ‘अप्रतिम चाल’ या शब्दांतून वाचकाला काहीच ऐकू येत नाही. मिनिट-सेकंद दिले की तो स्वतः तिथे जाऊन ऐकतो. ताल ओळखता येत नसेल तर नाव न देता मात्रा मोजा. सहा की आठ, एवढं सांगितलं तरी चालेल.

एखाद्या गाण्यावर काहीच सुचत नसेल, तर तिसऱ्यांदा ऐकताना फक्त एकच वाद्य धरा आणि ते कुठे येतं, कुठे गप्प बसतं तेवढं लिहा. त्याला २० शब्दही पुरतात.