एअरगनचा ढिला स्टॉक: स्क्रू नुसता आवळून काही होत नाही

हे सगळं छर्‍याच्या बंदुकीच्या हलणार्‍या स्टॉकबद्दल, म्हणजे खांद्याला टेकवायच्या लाकडी किंवा प्लास्टिकच्या दांड्याबद्दल आहे बरं का. ०.१७७ इंच म्हणजे ४.५ मिमीची, नळी मोडून कॉक करायची (म्हणजे स्प्रिंग दाबून तयार ठेवायची), स्प्रिंगवाली. लायसनची रायफल असेल, सेमी ऑटोमॅटिक असेल आणि तिचं काही हलत असेल तर घरी पाना घेऊन बसू नका, लायसनवाल्या गनस्मिथकडं न्या. आपल्याकडं बंदूक दुरुस्तीच्या धंद्यालासुद्धा आर्म्स अ‍ॅक्टखाली लायसन लागतं, ते उगीच नाही.

२०१० ला म्युनिकमध्ये तेजस्विनी सावंत नेमबाजीत वर्ल्ड चॅम्पियन झाली तेव्हा आमच्या गल्लीत दोन एअरगन होत्या. २०२४ ला कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसहून ऑलिंपिकचं ब्राँझ आणलं आणि आता ज्याच्या त्याच्या गच्चीवर टार्गेट लागलंय. चांगलंच आहे. पण रेंजवरच्या मॅचच्या एअर रायफली दाबलेल्या हवेवर चालतात, त्यांना हा रोग फारसा नसतो. आपल्या गच्चीवाल्यांना असतो.

कारण स्प्रिंग. घोडा दाबला की पिस्टन पुढं सुटतो, बंदूक मागं येते, मग पिस्टन टोकाला हवेच्या गादीवर आदळतो आणि बंदूक पुढं फेकली जाते. एका छर्‍यात दोन उलटसुलट हिसके. त्यात कोल्हापूरचा पावसाळा, लाकूड फुगतं, मार्च-एप्रिलात परत आकसतं, मग पुढचे बाजूचे दोन स्क्रू आणि ट्रिगर गार्डचा एक, तिन्ही हळूहळू सुटत जातात. काल दहा मीटरवर रुपयाच्या नाण्यात बसणारे पाच छर्रे आज पुरीएवढे पसरतात आणि माणूस स्कोपला शिव्या घालतो. मला तर एका दुकानदारानं स्प्रिंग बदलायला सांगितली होती आणि मी येड्यासारखी बदललीही. ढिले होते दोन स्क्रू.

तपासायचं असं: बंदूक रिकामी आणि कॉक न केलेली, हे सांगायला नको. एका हातात स्टॉक, दुसर्‍या हातात सिलिंडर, म्हणजे आत स्प्रिंग-पिस्टन असलेली जाड नळी, धरून पीळ द्या. बारीकसा ‘कट्’ असा झटका बोटांना लागला तर तेच आहे.

तिन्ही स्क्रू काढा, बंदूक स्टॉकमधून उचला. मापात बसणारी अ‍ॅलन कीच वापरा, "जवळपास बसते" अशी लावली की स्क्रूचं तोंड गोल झालंच म्हणून समजा. स्प्रिंगच्या बाजूची कुठलीही पिन काढू नका, तिथं आपलं काही काम नाही.

आता खरी भानगड. यूट्यूबवर बघाल तर प्रत्येकजण सांगतो "थ्रेड लॉकर लावा आणि आवळा", म्हणजे स्क्रू सुटू नये म्हणून आट्यांवर लावायचं औषध. मीही लावलं, निळं, आपण सरसकट लॉकटाइट म्हणतो ते. चाळीसएक छर्‍यात परत ढिलं. परत लावलं, जास्त लावलं, परत ढिलं. असं सहा वेळा झालं. चिडून लाल आणलं, ते असं धरलं की पुढच्या वर्षी स्क्रू काढताना त्याच्या डोक्यावर सोल्डरिंग आयर्न टेकवून तापवत बसलो आणि आजूबाजूचं लाकूड करपलं, तो काळा डाग अजून आहे. लाल कधीच लावू नका. माझा शब्द माना.

चूक औषधात नव्हती, तेलात होती. हे औषध हवा बंद झाली आणि धातूला धातू भिडला की घट्ट होतं, म्हणून तर बाटली अर्धी रिकामी ठेवून विकतात, आत हवा असली की ते पातळ राहतं. मध्ये तेलाचा थर असला की ते आट्यांना नीट भिडतच नाही. आणि मी दर वेळी स्क्रू पुसत होतो, पण तेल तर भोकात होतं! कंपनीतून येतानाच बंदूक तेलात बुडवल्यासारखी येते.

तर भोक साफ करायचं. इअरबड घ्या, नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये बुडवा, पिळून काढा, भोकात आट्यांच्या दिशेनं फिरवत घाला. पहिला बड काळाकुट्ट येईल, दुसरा-तिसरा चहाच्या रंगाचा. पांढरा आत गेलेला बड पांढरा बाहेर आला पाहिजे, माझ्या बंदुकीला एका भोकाला अकरा लागले. बाटलीनं ओतायचं नाही, ओघळ कुठं जाईल सांगता येत नाही. स्टॉकला ते थेंबभरही लागू देऊ नका, पॉलिश उतरतं. आणि भोक धुवायला म्हणून तो गंज काढायचा स्प्रे मारणारे महाभाग आहेत, तो सिलिंडरमध्ये पिस्टनपुढं गेला की दाबानं पेट घेतो, फाडकन आवाज होतो, धूर निघतो, सील जातं. पोरांना ते भारी वाटतं. माझं सील त्यातच गेलंय.

वाळू द्या. मग स्क्रूच्या टोकाकडच्या आट्यांवर निळ्याचा एक थेंब. एकच. प्लास्टिकचा स्टॉक असेल तर बाहेर आलेलं लगेच पुसा, काही प्लास्टिकला त्यानं तडे जातात.

तिन्ही स्क्रू आधी बोटानं लावा, मग पुढचे दोन आळीपाळीनं, शेवटी गार्डचा. अ‍ॅलन कीची लांब बाजू स्क्रूत आणि छोटी बाजू बोटात, म्हणजे जोर बेताचाच बसतो. उलटी धरून ताकद दाखवाल तर लाकूड चिरडेल, मग ते कायमचंच ढिलं. चोवीस तास बंदुकीला हात लावू नका, संध्याकाळी मॅच असली तरी.

स्क्रूच्या डोक्यावरून खालच्या वॉशरवर नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढा. पन्नास छर्‍यांनी बघा. रेघ सरळ तर काम झालं.

रेघ सरळ असून पीळ दिल्यावर परत ‘कट्’ होत असेल तर लाकूड आधीच चिरडलंय, त्याला पितळी बुश, म्हणजे स्क्रूभोवती बसणारी छोटी नळी, लागेल. कोल्हापुरात उद्यमनगरात कुठलाही लेथवाला करून देतो, फक्त लांबी लाकडाच्या जाडीपेक्षा कागदभर कमी सांगा, म्हणजे लाकूड जेमतेम दाबलं जातं आणि बाकी जोर पितळ घेतं. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा लेथवाल्यानं कशाला पाहिजे म्हणून विचारलं, मी बंदुकीला म्हणालो, त्यानं चालू लेथ बंद केलं आणि वरून खालपर्यंत बघितलं. आता मी पंपाला म्हणून सांगतो.