छतावर सोलर, कपाटात पॉलिसी : या चुका टाळा

मागे एप्रिलमध्ये गारपीट झाल्यावर पिंपळगावकडच्या एका द्राक्ष पॅकहाउसवर गेलो होतो. मालकांनी छत अगदी लख्ख झाडून ठेवलेलं. फुटलेली पॅनेलं भंगारात गेली होती, काचा गोण्यांत भरून गेटबाहेर. "तुम्ही येणार म्हणून आवरून घेतलं," म्हणाले. मग नुकसान मोजायला येणाऱ्या विम्याच्या सर्व्हेअरने पाहायचं काय?

सर्व्हे होईपर्यंत काही हलवू नका. आधी विमा कंपनीला लेखी कळवा आणि प्रत्येक पॅनेलचा सीरियल नंबर दिसेल असा फोटो काढा. फुटलेल्या पॅनेललाही उन्हात व्होल्टेज असतं, त्यामुळे डीसी आयसोलेटर (पॅनेलांकडून येणारी वीज तोडणारा स्विच) इलेक्ट्रिशियनकडूनच बंद करून घ्या. भंगाराची किंमत दाव्यातून वजा होते, म्हणून तेही परस्पर विकू नका.

त्याच छतावर पंधरा-वीस पॅनेलं दिसायला धडधाकट होती. दाव्यात ती धरलीच नाहीत, आणि दिवाळीपर्यंत त्यांतल्या काहींवर हॉटस्पॉट, म्हणजे जास्त तापणारे डाग, आले. काच शाबूत म्हणजे आतला सेल शाबूत, असं नसतं. आयईसी ६१२१५ या पॅनेलांच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या चाचणीत साधारणपणे २५ मिमीचा बर्फाचा गोळा सेकंदाला २३ मीटर वेगाने मारतात. आपल्याकडे लिंबाएवढी गार पडते, ती याहून मोठी. म्हणून न फुटलेल्या पॅनेलांची ईएल (इलेक्ट्रोल्युमिनेसन्स) चाचणी, म्हणजे पॅनेलमधून वीज सोडून खास कॅमेऱ्याने फोटो, करायची आहे, असं सर्व्हेच्या वेळीच लिहून द्या. बारीक तडे त्या फोटोतच दिसतात. आणखी एक, पॉलिसीत 'वादळ, पूर' लिहिलेलं असतं. त्यात 'गारपीट' शब्द आहे का पाहा. नसेल तर कंपनीकडून ईमेलवर खुलासा घ्या, एजंटच्या "असतंच हो" वर विसंबू नका. नाशकात राहून गारपिटीची खात्री न करणं म्हणजे कमालच.

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीतल्या शेडमध्ये वेगळीच गंमत. शेडचा विमा जुना, सोलर नंतर बसवलेलं. "इमारतीत आलंच की ते." नाही येत, निदान त्या भरवशावर राहू नये. एन्डॉर्समेंट (चालू पॉलिसीत लेखी बदल) करून पॅनेल, स्ट्रक्चर, इन्व्हर्टर, केबल वेगळं नोंदवा, आणि रक्कम आज नवं घ्यायला किती लागतील ती धरा. चाळीस लाखांचा प्लांट तीस लाखांना विमा केला आणि नुकसान आठ लाखांचं झालं, तर हातात सहाच येतात, तेही वजावटीआधी (दाव्यातला जो भाग आपणच सोसायचा तो). याला ॲव्हरेज म्हणतात. ५ कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठीच्या भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा पॉलिसीत विम्याच्या रकमेतली १५ टक्क्यांपर्यंतची तूट माफ आहे. इथली तूट २५ टक्के, म्हणजे माफीत बसत नाही.

इन्व्हर्टर आतल्या आत शॉर्ट होऊन गेला, तर आगीच्या पॉलिसीतून सहसा काही मिळत नाही. त्याला मशिनरी ब्रेकडाउन, म्हणजे यंत्र बिघाडाचा विमा, वेगळा घ्यावा लागतो. पॅनेलची पंचवीस वर्षांची वॉरंटी वीजनिर्मितीची असते. गारा, वारा, चोरी तिच्यात नाही.

काम चालू असतानाचा काळ तर बहुतेकांच्या ध्यानातच नसतो. जूनच्या पहिल्या वळवात पॅनेलांचे पॅलेट अंगणात भिजत असतात, स्ट्रक्चरचे निम्मे क्लॅम्प सैल असतात आणि "विमा आहे ना" असं जो तो दुसऱ्याला विचारत असतो. इरेक्शन ऑल रिस्क पॉलिसी (उभारणीच्या काळातला विमा) कंत्राटदाराच्या नावावर असली, तर तिच्यात मालक म्हणून तुमचंही नाव घालून घ्या. ती कोणत्या तारखेला संपते आणि तुमची नेहमीची कधी सुरू होते, हे दोन्ही एका कागदावर लिहा. मधे एक दिवसही रिकामा नको. स्ट्रक्चरचं डिझाइन सर्टिफिकेटही तेव्हाच मागा. नाशिकसाठी आयएस ८७५ या भारतीय मानकात वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर आहे. तो आकडा त्यात दिसला पाहिजे, नाहीतर पत्रे उडाल्यावर 'डिझाइनचा दोष' म्हणून फाइल बंद होते.

दावा नाकारलाच, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे जाता येतं. घरमालक, प्रोप्रायटर आणि सूक्ष्म उद्योगांसाठी ही सोय आहे. भरपाईची मर्यादा ५० लाखांची, वकील लागत नाही, पण अर्ज वर्षभराच्या आत करावा लागतो.