सर्किट बेंच जवळ आलं, मुदत मात्र तीच

नव्यानं वकिलीची सनद घेतलेली मुलं सध्या एकच विचारतात, कोल्हापुरात सीपीआर रुग्णालयासमोर ऑफिस कितीला पडेल? १८ ऑगस्ट २०२५ पासून सहा जिल्ह्यांची हायकोर्टाची कामं मुंबईऐवजी इथल्या सर्किट बेंचपुढं चालतात, त्यामुळे ओढ साहजिक आहे. तरी पहिली काही वर्षं तालुका कोर्टात काढा. सातबारा आणि फेरफार वाचायला तिथंच शिकाल. सिनियर नावाजलेला नसला तरी चालेल, फाईल हातात देणारा हवा. व्हॉट्सॲपवरचे तयार ड्राफ्ट मला तर बघवत नाहीत.

आता मुदतीचं नीट ऐका, यात मीही फसलोय. शाहूवाडी-चंदगडकडचा पक्षकार धरून चालतो की निकालाची नक्कल हातात पडली की अपिलाचे दिवस सुरू. तसं नाही! दिवाणी अपिलाला जिल्हा न्यायालयात ३० दिवस, उच्च न्यायालयात ९०, आणि ते हुकूमनाम्याच्या, म्हणजे निकालाच्या तारखेपासून. वजा होतो तो फक्त नक्कल तयार व्हायला लागलेला काळ. समजा, निकाल २ जुलैला. नकलेचा अर्ज २० ला, नक्कल तयार ३० ला. वजा झाले ११ दिवस. अर्जाआधीचे १७ (३ ते १९ जुलै) गेले ते गेलेच. ३१ जुलैपासून उरलेले १३ धावायला लागतात, तुम्ही नक्कल न्या किंवा नेऊ नका. १२ ऑगस्टला जिल्हा न्यायालयाची मुदत संपली. पक्षकार मात्र भातलावण उरकून २५ ला येतो, नक्कल पिशवीत जपून ठेवलेली.

घाबरू नका, मुदत कायद्याच्या कलम ५ खाली विलंबमाफी मागता येते. पण 'गरीब शेतकरी आहे' एवढ्या एका ओळीवर ती मागू नका. कोण आजारी होतं, निरोप कधी मिळाला, ते तारखांसह प्रतिज्ञापत्रात लिहा. त्यापेक्षा निकालाच्या दिवशीच नकलेचा अर्ज टाका. वाडीत रेंज नसते, म्हणून बाजारपेठेतल्या एखाद्या पाहुण्याचाही नंबर घ्या.

फी परवडत नाही म्हणून माणूस परत जात असेल तर तालुका विधी सेवा समिती दाखवा. महिला, अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, हे कित्येक ज्युनियरनाच ठाऊक नसतं. समितीच्या वकील पॅनेलवर पैसे थोडे मिळतात आणि उशिरा. तरीही नाव घाला, उलटतपासणी करायला एरवी तुम्हाला कोण देणार आहे?