पावसात कारचा अलार्म आपोआप वाजत होता, दोष बॉनेट स्विचचा

कोल्हापुरात राजारामपुरीत घरासमोर गाडी उभी असते. पाऊस लागला की रात्री दोन-अडीचला अलार्म सुरू. कोरड्या दिवशी एकदाही नाही. शेजारी तान्हं बाळ आहे, त्यामुळं फार जीवाला लागलं होतं.

रिमोटचा सेल बदलला, गाडीला बसलेला धक्का ओळखणाऱ्या शॉक सेन्सरची संवेदनशीलता कमी केली, फरक शून्य. बॅटरी 12.6 व्होल्ट, म्हणजे ठणठणीत. उद्यमनगरात एकानं सरळ नवी सिस्टीमच बसवायला सांगितली.

बाहेरून बसवलेल्या बऱ्याच अलार्मना बॉनेटखाली पिन स्विच असतो. बॉनेट उघडलं की पिन वर येते, वायरला गाडीच्या बॉडीची अर्थ (अर्थिंग) मिळते, म्हणजे सर्किट पूर्ण होतं आणि भोंगा वाजतो. माझ्या स्विचचं रबर चिरलं होतं, आत हिरवट गंज. ओल धरली की बॉनेट बंद असतानाही अर्थ मिळायची.

आधी अलार्म बंद केला. स्विचची वायर काढून टोकाला टेप गुंडाळली, गाडी दोन रात्री पावसात ठेवली. अलार्म गप्प, म्हणजे दोष इथंच. मग बॅटरीची निगेटिव्ह काढून स्विच खोलला आणि ओला असतानाच मल्टिमीटर लावला, एक टोक टर्मिनलला, दुसरं स्विचच्या बॉडीला. पिन दाबल्यावर सर्किट तुटायला हवं. इथं 400 ओहम दाखवत होतं, म्हणजे सर्किट पुरतं तुटत नव्हतं. नवा स्विच घेतला. बसवायची जागा पॉलिश पेपरनं चकचकीत होईपर्यंत घासली, कारण अर्थ तिथूनच मिळते. हे टाळू नका. जोडावर ग्रीस लावलं, बॉनेट लावल्यावर पिन पुरती दबते का पाहिलं, शेवटी निगेटिव्ह जोडली.

त्यानंतर तीन आठवडे पाऊस झाला, अलार्म एकदाही वाजला नाही.